सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट होताना नेमकं काय शिकायचं असतं?

प्रश्न असा आहे: सर्जिकल टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश मिळाला आहे. पहिल्याच आठवड्यात इन्स्ट्रुमेंटच्या नावांची लांबलचक यादी हातात पडली आणि ती बघूनच धीर सुटला. हात फारसे चपळ नाहीत, शिवाय रक्त पाहून एकदा चक्कर आली होती. अशा माणसाला हे काम जमेल का, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहण्याआधी तयारी काय करावी?

जमेल. मी 22 वर्षं स्क्रब होते आहे, म्हणजे हात घासून, निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह घालून सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं शेजारी विद्यार्थी उभे करून काम केलं आहे. नावं पाठ होतात, हात बसतात, चक्करही थांबते. मी नव्या विद्यार्थ्यात वेगळीच गोष्ट बघते. आपल्या हातून काही अनस्टराइल झालं, म्हणजे निर्जंतुक राहिलं नाही, आणि ते कोणीच पाहिलं नाही, तर हा मुलगा किंवा ही मुलगी तोंड उघडेल का? बाकी सगळं शिकवता येतं. ही सवय मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच लावून घ्यावी लागते. म्हणून यादीकडे नंतर येऊ, आधी याबद्दल सांगते.

शिकत असताना दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. पोटाची केस चालू होती, शेवटचे टाके पडत होते. इन्स्ट्रुमेंटच्या ट्रॉलीवरून मॉप (रक्त टिपायचं कापड) उचलताना माझं मधलं बोट ट्रॉलीच्या कडेखाली लोंबणाऱ्या कापडाला लागलं. ट्रॉलीचा फक्त वरचा पृष्ठभाग स्टराइल मानायचा, कडेखाली गेलेलं सगळं अनस्टराइल, हे मला तोंडपाठ होतं. तरी मी गप्प राहिले. मनात हिशेब चालला होता की दहा मिनिटांत केस संपेल, सर्जन वैतागतील, उगाच कशाला. तो हिशेब करण्यात साधारण एक मिनिट गेलं असेल. तेवढ्या वेळात मी त्याच हातानं दोन मॉप दिले आणि नीडल होल्डर उचलला. शेवटी मी बोलले. माझ्या सीनियरनं शांतपणे माझा ग्लोव्ह बदलायला लावला, दोन्ही मॉप आणि नीडल होल्डर बाजूला काढले, नवे दिले. सगळ्याला दीड मिनिट लागलं असेल. लगेच बोलले असते तर एका ग्लोव्हवर भागलं असतं. गप्प राहिलं की दोष आहे तिथेच थांबत नाही, तो हातातून पुढच्या प्रत्येक वस्तूवर जात राहतो.

स्टराइल क्षेत्राचे नियम पुस्तकात कोरडे वाटतात, पण प्रत्येकामागे कारण असतं आणि ते कळलं की नियम विसरत नाही. गाऊन समोरून छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतच स्टराइल धरतात, बाह्या मनगटापासून कोपराच्या थोडं वरपर्यंत. पाठ नाहीच, कारण पाठीवर आपला डोळा नसतो. जे दिसत नाही त्याची हमी देता येत नाही, म्हणून हात कधी कमरेखाली सोडायचे नाहीत आणि काखेत घालून उभं राहायचं नाही. वेष्टनाची कडेची सुमारे अडीच सेंटिमीटर पट्टी अनस्टराइल मानतात, कारण उघडणाऱ्याचा हात तिथे लागलेला असतो. दोन स्क्रब झालेली माणसं एकमेकांना ओलांडताना समोरासमोर किंवा पाठीला पाठ लावून जातात. कापड ओलं झालं की संपलं, ओलाव्यातून खालचे जंतू वर चढतात. आणि शंका आली तर ती वस्तू अनस्टराइलच. इथे वाद घालायचा नसतो.

आता तुमची यादी. ती वर्णानुक्रमे किंवा संचाच्या क्रमानं पाठ करू नका. कामानुसार चार घराणी करा: कापणारी, पकडणारी, दाबून रक्त थांबवणारी, बाजूला ओढून धरणारी (रिट्रॅक्टर). मग प्रत्येक घराण्यात टोकाकडे बघा. सगळा फरक टोकात असतो. मॉस्किटो आणि केली दोन्ही आर्टरीच (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा), पण मॉस्किटो लहान आणि तिच्या जबड्यावर पूर्ण लांबीभर आडव्या रेघा. केलीच्या जबड्यावर त्या अर्ध्यापर्यंतच. कोकरच्या टोकाला दात, म्हणून ती चिवट पेशीजालावर चालते, आतड्यावर नाही. अॅलिसला बारीक दात आहेत, बॅबकॉकला नाहीत. आतडं किंवा गर्भनलिका इजा न करता धरायची असेल तर बॅबकॉक. मेयो कात्री जाड, धागा आणि चिवट थर कापायला. मेट्झनबॉम नाजूक, पातळ पेशीजालासाठी. ही दोन्ही सारखी दिसतात म्हणून विद्यार्थी धागा कापायला मेट्झनबॉम देतात. दहा वेळा असं झालं की तिची धार गेलीच समजा, आणि मग पुढच्या रुग्णाच्या नाजूक जागी ती कापण्याऐवजी चावते. ब्लेडचंही तसंच: 3 नंबरच्या हँडलवर 10, 11, 15 बसतात, 4 नंबरच्या हँडलवर 20 ते 24. धाग्यात शून्यं वाढली की जाडी कमी होते, म्हणजे 4-0 हा 2-0 पेक्षा बारीक. व्हिक्रिल विरघळतो आणि पूर्ण शोषला जायला साधारण 56 ते 70 दिवस लागतात. प्रोलीन विरघळत नाही, म्हणून रक्तवाहिनीच्या जोडाला तो.

एकाच इन्स्ट्रुमेंटला तीन सर्जन तीन नावं वापरतात, आणि चौथे नुसता हात पुढे करतात. म्हणून नावाआधी काम शिका. यादीसमोर बसण्यापेक्षा रिकाम्या वेळी स्टोअरमधला एक संच मागून घ्या. प्रत्येक इन्स्ट्रुमेंट डोळे मिटून हातात घ्या, रॅचेट (मुठीजवळची दातेरी कडी) उघडा, लावा, टोक चाचपा, काय आहे ते मोठ्यानं म्हणा. हाताला ओळख पटली की नाव आपसूक मागे येतं.

हात चपळ नाहीत याची काळजी सोडा. मी पाहिलेले सगळ्यात जलद स्क्रब हालचालीला संथच होते. वेग ट्रॉलीच्या मांडणीतून येतो. रोज प्रत्येक वस्तू त्याच जागी ठेवली की शोधण्यात वेळ जात नाही. दुसरा अर्धा वेग पुढची पायरी माहीत असण्यातून येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या कामाचा सगळा आनंद मला इथेच मिळाला.

दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची केस घ्या, विद्यार्थ्याला ती लवकर दिसते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याचा. त्याआधी तुमची दुर्बीण जोडून, पांढऱ्या रंगावर जुळवून आणि काच कोमट करून तयार हवी, नाहीतर आत जाताच तिच्यावर वाफ धरते. पोर्ट (इन्स्ट्रुमेंट आत घालायच्या नळ्या) बसले की पित्ताशय वर उचलून धरतात आणि त्याच्या मुळाशी असलेल्या कॅलोटच्या त्रिकोणात काम सुरू होतं. पित्ताशयाची नळी आणि धमनी तिथे सुटी करतात. हे काम कधी दहा मिनिटांत होतं, कधी तासभर चालतं. याच वेळी तुम्ही मॉनिटर बघायचा. दोन रचना स्वच्छ मोकळ्या दिसू लागल्या, सर्जनची हालचाल मंदावली, की क्लिप लावायचं इन्स्ट्रुमेंट भरून हातात तयार असलं पाहिजे, आणि क्लिप नीट बसली आहे का हे तुम्ही आधीच पाहिलेलं असलं पाहिजे. क्लिपनंतर कात्री, कात्रीनंतर पित्ताशय यकृतावरून सोडवायला कॉटरीचा, म्हणजे विजेच्या उष्णतेनं कापणारा हुक, मग ते बाहेर काढायची पिशवी. सर्जनला एकही शब्द बोलावा लागला नाही तर त्यांची नजर पडद्यावरून हलत नाही, आणि रुग्णासाठी तेच सुरक्षित असतं. या केसमध्ये आणखी एक गोष्ट लागते: पोट उघडायचा संच खोलीत हजर हवा. रक्तस्राव आटोक्यात येईना किंवा रचना ओळखू येईनात तर काही मिनिटांत दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं. तेव्हा संच आणायला कोणी पळत सुटू नये.

म्हणून प्रत्येक केसच्या आदल्या संध्याकाळी ती शस्त्रक्रिया तुमच्या शब्दांत लिहून काढा. पुस्तकातलं उतरवू नका. त्वचेपासून आत कोणते थर येतात, प्रत्येक थराला काय लागतं, कुठे रक्त येऊ शकतं, बाहेर येताना काय मोजायचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी याशिवाय ट्रॉलीला हात लावू देत नाही. शरीररचनाशास्त्र कंटाळवाणं वाटतं असं अनेकजण म्हणतात. पण जो थर माहीत नाही त्याच्यानंतर काय मागितलं जाईल हे कसं कळणार?

मोजणीबद्दल मी कोणालाही सूट देत नाही. सुरुवातीला एकदा, पोकळी बंद करण्याआधी, जखम बंद करायला घेताना आणि शेवटी त्वचेला टाके पडताना मॉप, गॉझ, सुया, ब्लेड मोजायचे. स्क्रब आणि सर्क्युलेटर (स्क्रब न होता खोलीत लागेल ते आणून देणारी व्यक्ती) दोघांनी मिळून, एकेक सुटा करून, मोठ्यानं. मध्येच स्क्रब बदलला तर पुन्हा. पाच मॉपच्या गठ्ठ्यात चारच निघाले तर तो अख्खा गठ्ठा बाजूला काढायचा. ‘चारच धरू’ म्हणून वापरायला घ्यायचा नाही.

एका रात्री आतड्याची मोठी केस संपत आली होती. मॉप 20 दिलेले, हातात 19. सर्जननी पोटात हात फिरवून सांगितलं, आत काही नाही. बादली उलटी केली, जमीन पाहिली, ड्रेपच्या (रुग्णावर अंथरलेल्या स्टराइल कापडाच्या) घड्या पाहिल्या, सगळे थकलेले. मी म्हटलं, सर, माझ्याकडे एकोणीसच आहेत, मी पुढचा धागा देत नाही. माझा आवाज कापत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हात घातला. प्लीहेजवळ, डाव्या बाजूला अगदी वर, रक्तानं भिजून तिथल्याच रंगाचा झालेला मॉप निघाला. हातानं मिळाला नसता तर पोट बंद करण्याआधी एक्स-रे काढला असता. मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो तो याचसाठी. मोजणी जुळली नाही हे सांगणं म्हणजे कोणावर आरोप करणं नव्हे, हे तरुण विद्यार्थ्यांना समजायला वेळ लागतो. आकडा जसा आहे तसा सांगायचा आणि त्यावर ठाम राहायचं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी, असे तिचे तीन टप्पे आहेत. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, असा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यादीत सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं असतं. अनेक ठिकाणी हा मुद्दा उरकून टाकतात. तुम्ही विद्यार्थी असलात तरी तुमचं नाव स्पष्ट सांगा. एकदा सगळ्यांसमोर बोललेलं माणूस पुढे गरज पडल्यावरही बोलतं, हा माझा अनुभव आहे.

निर्जंतुकीकरण विभागातली पोस्टिंग विद्यार्थ्यांना शिक्षा वाटते. मला वाटतं ती सगळ्यात आधी असावी. वाफेचं ऑटोक्लेव्ह दाबाखाली चालतं, म्हणून पाणी 100 अंशांवर न थांबता 121 किंवा 134 अंशांची वाफ मिळते. 121 अंशांना जे व्हायला 15 ते 30 मिनिटं लागतात ते 134 अंशांना 3-4 मिनिटांत होतं. पण वाफ पोचली तरच. सांधा मिटलेला राहिला, रक्त सुकून चिकटलं, संच खच्चून भरला, तर वाफ तिथे पोचत नाही आणि बाहेरची पट्टी मात्र रंग बदलून मोकळी होते. ती पट्टी फक्त एवढंच सांगते की पाकीट यंत्रातून गेलं. चिवट बीजाणू मेले का, हे पाहायला जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या जिवाणूंचे बीजाणू असलेली जैविक चाचणी असते. दोन आठवडे या विभागात स्वतःच्या हातानं ब्रश मारून सांधे घासले की थिएटरमध्ये रक्ताळलेलं इन्स्ट्रुमेंट तसंच सुकू देण्याची इच्छा कायमची जाते.

दोन छोट्या गोष्टी, ज्यांच्यात मोठे घोटाळे होतात. ट्रॉलीवर वाटीत ओतलेलं सलाइन आणि वाटीत ओतलेलं बधिरतेचं औषध, दोन्ही पाण्यासारखी दिसतात. ओतलं की त्याच क्षणी लेबल लावा, एकच वाटी असली तरी. आणि काढलेला नमुना हातात आला की कशासाठी जाणार हे विचारा. नेहमीच्या तपासणीला तो फॉर्मलीनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) जातो, पण फ्रोझन सेक्शनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर देणाऱ्या तपासणीला, ताजाच लागतो. चुकून फॉर्मलीनमध्ये पडला तर टेबलावरच्या रुग्णाला ते उत्तर मिळत नाही, आणि तो तुकडा पुन्हा आणता येत नाही.

आता चक्कर. पहिल्या काही केसमध्ये ती अनेकांना येते, अगदी खंबीर मुलांनाही. रक्तापेक्षा कॉटरीचा वास, गरम दिवे आणि गुडघे ताठ करून तासभर उभं राहणं याला जास्त जबाबदार असतं. खाऊन जा, पाणी पिऊन जा. उभं असताना गुडघे किंचित सैल ठेवा, पोटऱ्या अधूनमधून आवळत राहा, वजन या पायावरून त्या पायावर घ्या. कानात आवाज येऊ लागला, घाम फुटला, डोळ्यांसमोर पांढुरकं झालं की तेव्हाच ‘मला बरं वाटत नाही’ म्हणा आणि टेबलापासून मागे सरून भिंतीशी खाली बसा. धीर धरून उभं राहायचं नाही, कारण तोल गेला तर तुम्ही स्टराइल क्षेत्रावर पडता. यासाठी कोणी तुम्हाला नापास करणार नाही. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत थांबतं. हातात काम आलं की मन त्यात गुंततं, नुसतं बघत उभं राहणं जास्त कठीण असतं.

हातांची काळजी घ्या. नखं आखूड, पॉलिश नाही, अंगठी नाही, आणि त्वचा भेगाळू देऊ नका, कारण भेगांत जंतू राहतात आणि घासून निघत नाहीत. एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. 1889-90 च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या परिचारिका थिएटरमध्ये मदत करत. तेव्हाच्या जंतुनाशकानं, मर्क्युरिक क्लोराइडनं, त्यांच्या हातांची त्वचा फाटली. सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबरी हातमोजे करायला सांगितले ते त्यांच्या हातांसाठी. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सगळ्यांनीच ते घालायचे, ही पद्धत नंतर आली. शस्त्रक्रियेतले हातमोजे मदतीच्या हातांना वाचवण्यासाठी आले, आणि ते हात आता तुमचे आहेत.

म्हणूनच थिएटरमध्ये जाण्याआधी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करा. नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांना असतात, म्हणजे अभ्यासक्रम सुरू होताच पहिला घ्यायला हवा. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. सुया आणि ब्लेड हातातून हातात न देता मधल्या ठरलेल्या ट्रेमध्ये ठेवायची पद्धत अंगवळणी पाडा. दुहेरी ग्लोव्ह घाला, आत गडद रंगाचा, म्हणजे वरच्याला छिद्र पडलं की दिसतं. तरी टोचलंच तर लपवू नका. पाण्यानं आणि साबणानं धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, आणि ताबडतोब कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 72 तासांत सुरू व्हावं लागतं. इथेही गप्प राहणं महाग पडतं, आणि या वेळी ते तुमच्याच शरीराला.

सर्जन ओरडतील का? कधीतरी ओरडतील. त्या क्षणी उत्तर देऊ नका, मागितलेलं हातात द्या. केस संपल्यावर जाऊन विचारा की पुढच्या वेळी काय वेगळं हवं. बहुतेकजण त्या वेळी नीट सांगतात. पण स्टराइलपणा आणि मोजणी या दोन बाबतींत मात्र ओरडा चालू असतानाही बोलायचं.

किती दिवसांत जमेल, हे दिवसांत मोजू नका, केसमध्ये मोजा. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या आराखड्यात 120 केसची अट आहे आणि त्यातल्या 80 मुख्य स्क्रब म्हणून कराव्या लागतात, नुसत्या बघून किंवा रिट्रॅक्टर धरून नाही. ही विभागणी मला फार योग्य वाटते, तुम्ही कुठेही शिकत असलात तरी. स्वतःची वही ठेवा: केस कोणती, तुम्ही कोणत्या भूमिकेत, ट्रॉली कोणी लावली, मोजणी कोणी केली, कुठे अडलात. आणि अजून संस्था बदलायची सोय असेल तर तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना एवढंच विचारा: पूर्ण केस तुम्ही स्वतः किती वेळा केलीत, आणि तेव्हा तुमच्या शेजारी स्क्रब होऊन कोण उभं होतं?